फिरोजशहा मेहता आणि मुंबईचा नगरकारभार : प्रस्तावना

मुंबई महानगरपालिकेचा सारा कारभार आजही ज्याच्या आधारे चालतो, त्या १८८८ सालच्या अधिनियमातील चौसष्टावे कलम ज्याने एकदा तरी सावकाश वाचले असेल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. त्या कलमाच्या आरंभी शहराचा नागरी कारभार महापालिकेच्या, म्हणजे नगरसेवकांच्या सभेच्या, ठायी निहित केला आहे. आणि त्याच कलमात थोडे खाली उतरले की अधिनियमाच्या तरतुदी अमलात आणण्याची समग्र कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या ठायी निहित केली आहे. हा आयुक्त सरकारने नेमून पाठवावयाचा. त्याला सरकारकडे परत धाडावयाचे झाल्यास महापालिकेच्या एकूण सभासदांपैकी पाच-अष्टमांश सभासदांनी तसे मत द्यावे लागते. खर्चास मंजुरी देणे, कर बसविणे, हिशेब मागणे, जाब विचारणे, हे सभेचे. आणि माणसे कामास लावणे, मक्ते देऊन काम करवून घेणे, नोटिसा काढणे, अनधिकृत भिंत पाडणे, हे आयुक्ताचे. कायद्याच्या भाषेत अवघ्या काही ओळींत मावणारी ही वाटणी ज्यांच्या वादविवादातून आणि चिकाटीतून सिद्ध झाली, त्या मोजक्या पुरुषांत काशीनाथ त्र्यंबक तेलंग हे एक होते आणि दुसरे, ज्यांच्या चरित्राचे हे पुस्तक आहे, ते सर फिरोजशहा मेरवानजी मेहता.

फिरोजशहांचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. परंतु तो परिचय बहुतांशी एकाच बाजूने झालेला आहे. लोकमान्यांच्या चरित्रातून ते आपल्याला भेटतात, ते मवाळांचे सेनानी म्हणून, सुरतेच्या मांडवातील एक पक्ष म्हणून, आणि भिरकावलेल्या जोड्याच्या त्या सुप्रसिद्ध प्रसंगातील एक पात्र म्हणून. टिळकांच्या तेजापुढे त्यांच्या प्रतिपक्ष्यांची प्रभा मराठी लेखणीस मंद दिसावी हे स्वाभाविक आहे, आणि त्या राजकीय वादाचा निवाडा नव्याने करण्याचा माझा मानसही नाही. परंतु बेचाळीस वर्षे ज्या माणसाने एका शहराच्या सभागृहात बसून पाण्याचा, गटारांचा, शाळांचा, पोलिस खर्चाचा आणि हिशेबाच्या कीर्दींचा विचार केला, आणि तो करीत असताना स्वराज्याचे शिक्षण याच बाकांवर मिळावयाचे आहे अशी दृढ श्रद्धा बाळगली, त्याचे हे अर्धे आयुष्य आपण मराठीत जवळजवळ वाचलेलेच नाही. इंग्रजीत होमी मोदी यांनी १९२१ साली लिहिलेले दोन खंडांचे चरित्र आहे, चिंतामणी यांनी १९०५ साली संपादिलेला भाषणांचा आणि लेखांचा संग्रह आहे. मराठी वाचकाच्या हाती द्यावे असे काही असावे, एवढ्या एका इच्छेने मी या कामास प्रवृत्त झालो.

मी मानखुर्दास राहतो, आणि या पुस्तकाचा जन्मही मानखुर्दातच झाला आहे. फिरोजशहांच्या हयातीत हा गाव मुंबईत नव्हताच. ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील, खाडीच्या चिखलाला लागून असलेली ही वस्ती. मिठागरे, भाताची खाचरे, कोळ्या-आगऱ्यांची घरे, एवढाच तिचा संसार. १९५० साली महापालिकेची हद्द उपनगरांत वाढली तेव्हा हा परिसर शहरात आला, आणि १८८८ च्या कायद्याचा अंमल, जो फोर्ट-गिरगाव-भायखळ्याच्या मुंबईकरिता लिहिला गेला होता, तो आमच्यावर सुरू झाला. परंतु शहर आमच्यापर्यंत येण्याच्या पुष्कळ आधी शहराचा कचरा आमच्या शेजारी येऊन पोहोचला होता. कुर्ल्याहून चेंबूरकडे येणारा लोहमार्ग आरंभी कचऱ्याच्या गाड्यांकरिता वापरला जात असे आणि उतारू त्यावरून पुढे जाऊ लागले. देवनारच्या दलदलीत १९२७ पासून कचरा टाकला जात आहे, आणि ती जागा तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. ज्यांचे मत नाही त्यांच्या दारात आपली घाण नेऊन टाकावयाची, हा प्रत्येक मोठ्या शहराचा इतिहास आहे. बर्लिनचा मी पुढे उल्लेख करणार आहे, त्या नगराचेही सांडपाणी फिरोजशहांच्या हयातीत शहराबाहेरच्या, विकत घेतलेल्या जमिनींवर सोडले जात असे. २००९ साली मुंबईचा मानवविकास अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा चोवीस विभागांत आमचा एम पूर्व विभाग अखेरचा ठरला. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने फिरोजशहांचे चरित्र लिहावे, यात मला विसंगती दिसत नाही. शहराच्या कारभाराचे गुणदोष त्याच्या कडेलाच अधिक ठळक दिसतात.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली ते पदवीधर झाले आणि लवकरच एम. ए. झाले. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टरीच्या अभ्यासाकरिता पाठविण्यासाठी मोठी देणगी दिली होती, तिचा लाभ घेऊन ते लंडनला गेले. परंतु अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले, शेअरांच्या बाजारात मुंबईचे सराफ आणि शेठ-सावकार बुडाले, त्यात दाताही बुडाला आणि शिष्यवृत्ती मध्येच आटली. तरी त्यांनी अभ्यास पुरा केला आणि १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते परतले. विलायतेतील त्या वर्षांत दादाभाई नवरोजींच्या घरी त्यांची ये-जा होती, आणि बद्रुद्दीन तय्यबजी, उमेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. इंग्रजी उदारमतवाद त्यांनी पुस्तकांतून जेवढा घेतला, तेवढाच तो डोळ्यांनी पाहून घेतला. आणि त्याचा जो अंश त्यांच्या मनात सर्वांत खोल रुजला तो असा, की ज्याच्यापासून कर वसूल केला जातो त्याला त्या कराचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहे.

हा सिद्धांत कसोटीस लागण्याचा प्रसंग तीन वर्षांतच आला, आणि तो ज्या रीतीने आला ती रीत मला या चरित्रातील सर्वांत उद्बोधक गोष्ट वाटते. १८६५ च्या कायद्यान्वये मुंबईचा कारभार सरकारनियुक्त जस्टिस ऑफ द पीस यांच्या मंडळाकडे होता आणि कार्यकारी सत्ता आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनराकडे. (पुढे १८८८ साली लाचलुचपतीच्या प्रकरणात ज्याचे नाव महाराष्ट्रभर गाजले, आणि ज्याच्यामुळे मामलेदारांची बाजू घेऊन टिळकांना लढावे लागले, तोच हा क्रॉफर्ड.) त्याने रस्ते रुंद केले, गटारे केली, मंडई उभारली, शहर स्वच्छ केले, आणि हे करताना मंजुरीची मर्यादा न मानता खर्च केला. १८७१ साली करदात्यांचा रोष उसळला. व्यापारी, जस्टिस आणि वृत्तपत्रे यांचा सूर एकच होता: कमिशनर घालवा आणि त्याच्या जागी मंडळाच्या समितीकडे सत्ता द्या. अशा वेळी सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये, २९ नोव्हेंबर रोजी, विरोधी श्रोत्यांपुढे निबंध वाचावयास उभा राहतो आणि प्रतिपादन करतो की, दोष एकट्या कमिशनराच्या पदाचा नसून त्याच्यावर कोणाचाही खरा अंकुश नाही याचा आहे. जस्टिसांचे मंडळ लोकांनी निवडलेले नसल्यामुळे ते कोणासही जबाबदार नाही. कार्यकारी सत्ता अनेकांच्या हाती दिली तर काम कोणाचेच राहत नाही आणि जबाबदारीही कोणाचीच राहत नाही. म्हणून कार्यकारी अधिकारी एकच असावा, परंतु त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या मंडळाचा आणि हिशेबतपासनिसाचा जागता पहारा असावा.

लोकमत ज्या बाजूला होते तिच्या विरुद्ध उभे राहून लोकमताच्याच अधिकाराची मागणी करणे, ही कृती सोपी नव्हती. फिरोजशहांच्या पुढील आयुष्याचे सूत्र या एका निबंधात सापडते असे माझे मत आहे. कार्यकारी अधिकाऱ्याला हात बांधून ठेवण्यात त्यांना पुरुषार्थ दिसत नव्हता. त्याला काम करू द्यावे, परंतु त्याच्या थैलीची दोरी आपल्या हाती असावी आणि त्याला सभेपुढे उभे करून प्रश्न विचारता यावा, एवढ्यात नागरी स्वातंत्र्य सुरक्षित आहे असा त्यांचा विश्वास होता. १८७२ चा कायदा झाला आणि चौसष्ट सभासदांची महापालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडलेले, सोळा जस्टिसांनी आणि सोळा सरकारने नेमलेले. हिंदुस्थानात एवढ्या प्रमाणात लोकनियुक्त सभासद असलेली ही पहिली मोठी सभा होती. तिच्या आरंभापासून ५ नोव्हेंबर १९१५ रोजी देहावसान होईपर्यंत फिरोजशहांचे नाव तिच्यापासून वेगळे करता येत नाही.

तथापि १८७२ ने जे दिले ते परत घेण्याचा यत्न पंधरा वर्षांनी झाला. १८८७ साली सरकारने जो नवा मसुदा मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणला, त्यात कमिशनर हा महापालिकेचा अधिकारी न राहता तिच्या बरोबरीची स्वतंत्र सत्ता होऊ पाहत होता. गव्हर्नर लॉर्ड रे हे उदार वृत्तीचे गृहस्थ होते आणि त्यांच्या कौन्सिलात तेलंग आणि मेहता हे दोघेही सभासद होते. या दोघांनी मसुद्याचे कलम न् कलम पारखले. तेलंगांची बुद्धी संस्कृत शास्त्रग्रंथांवर आणि हायकोर्टात घासून धारदार झालेली, वाणी संयत, आणि प्रतिपक्ष्याचा मुद्दा त्याच्यापेक्षाही स्पष्ट मांडून मग त्याचे खंडन करण्याची हातोटी विलक्षण. मेहतांचे वक्तृत्व भरघोस, प्रहार सरळ, आणि सभागृहाच्या रिवाजांची माहिती अशी की अध्यक्षालाही त्यांना विचारावे लागे. दोन स्वभावांची ही जोडी नसती तर मसुदा जसा आला तसाच कायदा झाला असता. अखेरच्या कायद्यात बहात्तर सभासदांची महापालिका झाली: छत्तीस वॉर्डांतून, सोळा जस्टिसांकडून, दोन विश्वविद्यालयाच्या फेलोंकडून, दोन चेंबर ऑफ कॉमर्सकडून, आणि सोळा सरकारी नियुक्त. बारा सभासदांच्या स्थायी समितीत आठ महापालिकेने निवडावयाचे. आणि चौसष्टाव्या कलमाच्या आरंभीच नागरी कारभार महापालिकेचा, हे कायद्याने लिहून ठेवले गेले. आरंभीचे वाक्य मेहता-तेलंगांचे आणि पुढचे सरकारचे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ते खरे नाही. एकमुखी कार्यकारी सत्तेचे तत्त्व १८७१ सालीच फिरोजशहांनी मान्य केलेले होते.

याच काळात तिकडे प्रशियात दुसरा एक उदारमतवादी आपल्या शहराचा कारभार पाहत होता, त्याच्याशी तुलना केल्याने या प्रश्नाचे मर्म अधिक उघड होते. मॅक्स फोन फोर्केनबेक हा १८६१ साली जर्मन प्रगती पक्षाच्या संस्थापकांत होता, पुढे नॅशनल लिबरल पक्षाचा अग्रणी झाला, प्रशियाच्या कनिष्ठ सभागृहाचा आणि त्यानंतर साम्राज्याच्या राईशस्टागचा अध्यक्ष झाला; १८७९ साली बिस्मार्कने संरक्षक जकातीचे धोरण स्वीकारून उदारमतवाद्यांशी फारकत घेतली तेव्हा त्याने अध्यक्षपद सोडले. हा माणूस प्रथम ब्रेस्लाउचा आणि १८७८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९२ पर्यंत, बर्लिनचा महापौर होता. प्रशियाचा मंत्री श्टाइन याने १८०८ साली नेपोलियनकडून पराभूत झालेल्या प्रशियाच्या पुनरुत्थानाकरिता जी नगरसनद दिली, तिच्या परंपरेत महापौराला नगराची निर्वाचित सभा बारा वर्षांकरिता निवडीत असे आणि राजा त्या निवडीवर शिक्कामोर्तब करीत असे. म्हणजे शिक्का दरबारचा असला तरी माणूस नगराचा. आणि तोच कार्यकारी प्रमुख. याच राजवटीत होब्रेख्ट या अभियंत्याने आखलेली आणि फिरखोव्हसारख्या वैद्यकशास्त्रज्ञाने नगरसभेत पुरस्कारिलेली बर्लिनची जलनिस्सारण योजना पुरी होत गेली. मुंबईत माणूस सरकारचा आणि पैसा नगराचा. बर्लिनात माणूस आणि पैसा दोन्ही नगराचे. फोर्केनबेकला जे पद मिळाले ते फिरोजशहांना कायद्याने मिळणेच शक्य नव्हते. १८८४ पासून लागोपाठ दोन वर्षे आणि पुढे १९०५ व १९११ साली ते महापालिकेचे अध्यक्ष झाले, परंतु अध्यक्ष सभा चालवितो, शहर चालवीत नाही. महापौर हे नावसुद्धा मुंबईत १९३१ मध्ये आले. तरीही लोकांनी त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हटले, ते केवळ वाणीच्या, अभ्यासाच्या आणि उपस्थितीच्या बळावर. सुरतेस किंवा काठेवाडात खटला चालविण्यास गेलेला हा बॅरिस्टर महापालिकेच्या सभेकरिता मुंबईस परत येई.

दोघांच्या उदारमतवादाची मर्यादाही एकच होती, आणि तिच्याविषयी मी पुस्तकात हात राखून लिहिलेले नाही. प्रशियाच्या शहरांत मतदारांचे कराच्या रकमेप्रमाणे तीन वर्ग पाडलेले असत आणि मूठभर श्रीमंतांचे मत हजारो कारागिरांच्या मतांइतके मोजले जाई. मुंबईत मत करदात्याचे. परळ-लालबागच्या चाळींतील गिरणी कामगाराला ते नव्हते, आणि प्लेगच्या वर्षांत ज्याच्या खोलीचे छप्पर उघडून सामान रस्त्यावर टाकले गेले त्याला तर नव्हतेच. खुद्द फिरोजशहांचे आसन जस्टिसांच्या मतदारसंघातील होते. १९०७ साली अकौंटंट जनरल हॅरिसन यांच्या पुढाकाराने काही इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि टाइम्सचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी मिळून त्यांना पाडण्याचा जो व्यूह रचला, तो या जस्टिसांच्या निवडणुकीतच. सोळा जागांत ते सतरावे आले. मग निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड बाद ठरली आणि ते परत सभागृहात आले. त्या कटाने शहरात जो संताप उसळला त्यावरून त्यांची लोकप्रियता किती होती ते दिसते. त्याचबरोबर जस्टिसांच्या काही मतांवर या लोकप्रिय पुरुषाचे आसन टेकलेले होते हेही दिसते. ज्याला मत नाही त्याच्या वतीने आपण बोलू शकतो, असा त्या पिढीचा प्रामाणिक समज होता. तो प्रामाणिक होता म्हणून पुरेसा होता असे मला वाटत नाही.

त्यांच्या इतर सार्वजनिक आयुष्याविषयी येथे थोडक्यात सांगतो. १८८५ साली तेलंग आणि तय्यबजी यांच्यासह बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना. १८९० साली कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद. वरिष्ठ कायदे कौन्सिलात १८९५ च्या पोलिस विधेयकावर केलेले ते भाषण, ज्याने सरकारी बाकांवरील सर जेम्स वेस्टलँड यांना सभागृहात नवेच वारे शिरल्याचा भास झाला. १९०१ साली जमीनमहसुलाच्या विधेयकाच्या निषेधार्थ मुंबई कौन्सिलातून गोखले प्रभृतींसह केलेला सभात्याग. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवाला यांनी स्थापिलेल्या सेंट्रल बँकेचे अध्यक्षपद. १९१३ मध्ये बॉम्बे क्रॉनिकल. यांपैकी सभात्यागाचा प्रसंग मी सविस्तर दिला आहे, कारण दख्खनच्या शेतकऱ्याची बाजू घेऊन मुंबईचा पारशी बॅरिस्टर उठून गेला ही गोष्ट महाराष्ट्राने विसरण्यासारखी नाही. सुरतेची हकीकत अन्यत्र विपुल आहे. ती मी आटोपती घेतली आहे.

आता ज्या प्रश्नापायी हे पुस्तक लिहिले त्याकडे वळतो. उपनगरातील कोणत्याही वस्तीत उघड्या गटाराच्या तोंडावर झाकण बसवून मिळावे म्हणून एखादी गृहिणी अर्ज करते, आवक-जावकच्या खिडकीवर पोच घेते, ती पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून नगरसेवकाच्या कार्यालयात जाते. नगरसेवक म्हणतो, मी पत्र देतो, पण काम प्रशासनाचे. प्रशासन म्हणते, तरतूद नाही, पुढच्या अंदाजपत्रकात पाहू. आणि तरतूद सुचविणे नगरसेवकाचे. या दोन उत्तरांच्या मध्ये ती बाई जिथे उभी असते, ती जागा चौसष्टाव्या कलमाने निर्माण केलेली आहे. फिरोजशहांना ही फट दिसत नव्हती असे नाही. परंतु जोपर्यंत सभागृहात जागरूक, अभ्यासू, वेळप्रसंगी कमिशनराला तासभर उभे करून हिशेब घेणारे सभासद आहेत तोपर्यंत ती बुजलेली राहील, असे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांनी स्वतःच्या मापाने सभासद कल्पिला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आणि तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्त हाच प्रशासक होऊन दोन्ही सत्ता एका हाती आल्या. त्या काळात अर्ज करणाऱ्या बाईला जाण्यासाठी नगरसेवकाचे कार्यालयही उरले नव्हते. १८७१ सालच्या निबंधातील भीती, अंकुशावाचूनचा एकमुखी अधिकारी, अशी आमच्या डोळ्यांदेखत खरी ठरली.

यावर उपाय म्हणून कार्यकारी सत्ता महापौराकडे द्यावी असे म्हणणारा पक्ष आहे. १९९८ साली मुंबईत महापौर परिषदेचा प्रयोग झालाही, आणि पुढच्याच वर्षी तो मोडीत निघाला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरांच्या निवडणुका आणि मुदती यांना घटनेचे संरक्षण दिले, परंतु महापौराने काय करावे याविषयी ती मौन आहे. माझा कल बर्लिनच्या रीतीकडे आहे हे मी लपवीत नाही. शहराच्या पैशाने शहराचे काम करणारा माणूस शहरानेच निवडावा, आणि त्याने पाच वर्षांनी मानखुर्दच्या मतदारापुढेही तितक्याच नम्रतेने उभे राहावे जितक्या नम्रतेने तो मलबार हिलच्या मतदारापुढे उभा राहील. तरीही फिरोजशहांचा पक्ष त्यांच्याच शब्दांनी आणि त्यांच्याच युक्तिवादाच्या बळाने मांडण्याची मी पराकाष्ठा केली आहे, कारण प्रतिपक्ष्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा स्पष्ट मांडावा हा तेलंगांचा धडा या ग्रंथलेखनात मला पदोपदी आठवत राहिला.

ग्रंथाची मांडणी कालक्रमाने आहे, पण प्रमाणबद्ध नाही. बालपण आणि विलायत यांना एक प्रकरण, काँग्रेसला दोन, आणि १८७१ चा निबंध व १८८७-८८ चा वाद यांना मिळून जवळजवळ निम्मे पुस्तक दिले आहे. पोलिसांचा खर्च महापालिकेच्या माथी मारण्याविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षे जो तंटा चालविला आणि ज्याची परिणती १९०७ साली पोलिस सरकारकडे व प्राथमिक शिक्षण महापालिकेकडे अशी झाली, तो भाग आकड्यांनी जड झाला आहे. पण महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेल्या वाचकाने तो वगळू नये. ज्यांना चरित्रापेक्षा कायद्याची ओढ आहे त्यांनी चौथ्या प्रकरणापासून आरंभ केला तरी काही बिघडणार नाही. चौसष्टावे कलम मी तेथे संपूर्ण, मराठी अनुवादासह दिले आहे.